दुकानातील कॅमेऱ्यांसाठी रेकॉर्डर कसा निवडावा?

आज बाजारपेठेतून एक फेरी मारली तर कापड, किराणा, चप्पल, भांडी, मोबाइल अशा बहुतेक दुकानांत छताला कॅमेरे आणि गल्ल्यामागे एक पडदा दिसतो. कॅमेरे किती लावायचे याचा विचार व्यापारी बंधू करतात. परंतु कॅमेऱ्याने पाहिलेले जे यंत्र जपून ठेवते, त्या रेकॉर्डरची चौकशी फार थोडे जण करतात. विकणारा देईल तो डबा आपण घरी आणतो. आम्हीही तेच केले होते, म्हणून आधी आमची चूक सांगतो.

आमच्या मालेगावच्या पेढीवर चार कॅमेरे होते. धुळ्याच्या एका व्यापाऱ्याला आम्ही माल रवाना केला. नवव्या दिवशी त्यांचा फोन आला की बिलात सहा ताके आहेत, गठ्ठ्यात चारच निघाले. त्या दिवशी गठ्ठा बांधणारा पोरगा एकोणीस वर्षांचा, दोन वर्षे आमच्याकडे कामाला. आम्ही म्हणालो, वाद कशाला, रेकॉर्डिंग पाहू. पाहायला गेलो तर यंत्रात फक्त मागचे पावणेसहा दिवस शिल्लक होते. त्याआधीचे सारे पुसून त्यावर नवे चढले होते. जे शिल्लक होते त्यातही गठ्ठे बांधण्याच्या टेबलावरचे चेहरे डागासारखे दिसत होते. घेताना आम्हाला "फुल एचडी, महिनाभर रेकॉर्डिंग" असे सांगण्यात आले होते.

आम्ही त्या पोराला चोर म्हटले नाही, पण प्रश्न असे विचारले की त्याला ते कळले. तो म्हणाला, "सेठ, माझी झडती घ्या, पण अब्बांना काही सांगू नका." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. तीन आठवड्यांनी ते दोन ताके मालवाहतूकदाराच्या गोदामात दुसऱ्या पार्टीच्या गठ्ठ्याखाली सापडले, आमच्या चिठ्ठीसकट. आम्ही त्याच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांसमोर माफी मागितली. तो परत कामावर आला, हा त्याचा मोठेपणा. यंत्र नीट निवडलेले असते तर अर्ध्या तासात त्याची बाजू खरी ठरली असती. चोर पकडण्याइतकेच निर्दोष माणसाला मोकळे करणे हे या यंत्राचे काम आहे, हे आम्हाला त्या दिवशी समजले. त्यानंतर आम्ही जे शिकलो ते व्यापारी आणि कारागीर बंधूंपुढे ठेवत आहोत.

नावाचा गोंधळ

डीव्हीआर, म्हणजे डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर, हे नाव दोन वेगळ्या यंत्रांना आहे. एक घरातील केबल किंवा डिशच्या सेट-टॉप बॉक्ससोबतचा. तो वाहिनीवरचा कार्यक्रम साठवतो. दुसरा दुकानातल्या कॅमेऱ्यांचा. दोघांत हार्ड डिस्क असते, पण एकाचे काम दुसरा करीत नाही. दोघांची तार मात्र बहिणी-बहिणी आहेत. टीव्हीची आणि कॅमेऱ्याची कोअॅक्सियल केबल दोन्ही ७५ ओहमच्या असतात, फक्त टोकाची पिन वेगळी. त्यामुळे गावोगावी केबल टीव्हीचे काम करणारी मुलेच कॅमेरेही बसवून देतात. त्यात गैर काही नाही, पण यंत्राची निवड त्यांच्यावर सोडू नये.

यंत्राचे प्रकार

पहिला प्रकार डीव्हीआर. यात प्रत्येक कॅमेऱ्यापासून रेकॉर्डरपर्यंत स्वतंत्र कोअॅक्सियल तार येते. दुसरा एनव्हीआर. यात कॅमेरा स्वतःच चित्राचे आकडे बनवतो आणि संगणकाच्या नेटवर्क तारेवरून पाठवतो. योग्य स्विच असेल तर त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीजही जाते. तिसरा प्रकार दोन्ही जातीचे कॅमेरे घेणारा, त्याला बाजारात एक्सव्हीआर किंवा हायब्रिड म्हणतात.

ज्यांच्या दुकानात जुनी कोअॅक्सियल तार चांगल्या अवस्थेत आहे, त्यांनी भिंती फोडण्याची गरज नाही. जुन्या तारेवरूनही एचडी चित्र येते. त्यासाठी एएचडी, टीव्हीआय आणि सीव्हीआय अशा तीन पद्धती आहेत. एका पद्धतीचा कॅमेरा दुसऱ्या पद्धतीच्याच रेकॉर्डरला लावला तर पडदा काळा राहतो. म्हणून या तिन्ही पद्धती, जुना साधा अॅनालॉग आणि नेटवर्क कॅमेरा असे पाचही चालवणारा रेकॉर्डर घ्यावा. खोक्यावर त्याला "५ इन १" किंवा "पेंटाब्रिड" लिहिलेले असते. नवे बांधकाम असेल किंवा कॅमेरे सोळाच्या वर जाणार असतील, तर एनव्हीआरचा विचार करावा.

एखाद्या शिंप्याचे किंवा जरीकाम करणाऱ्याचे एका खोलीचे कारखाने असेल, तर रेकॉर्डर घेऊच नये. मेमरी कार्डवर साठवणारा एक वायफाय कॅमेरा त्याला पुरेसा आहे. मात्र चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जाते, हे ध्यानात असावे.

एचडी म्हणजे नेमके किती?

चित्र हे बारीक ठिपक्यांचे बनते. कापडात जसे ताणा आणि बाणा मोजतात, तसे येथे आडवे आणि उभे ठिपके मोजतात. जुन्या डी-१ पद्धतीत ७०४ आडवे आणि ५७६ उभे, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके होते. ७२० एचडीमध्ये १२८० गुणिले ७२०, म्हणजे ९ लाखांच्या वर. १०८० फुल एचडीमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे साधारण २० लाख ७४ हजार. यालाच विकणारे "दोन मेगापिक्सेल" म्हणतात.

आता फसगत कोठे होते ते पाहा. स्वस्त रेकॉर्डरवर "१०८० एन" किंवा "१०८० लाइट" असे लिहिलेले असते. यात उभे ठिपके १०८० असतात, पण आडवे फक्त ९६०. म्हणजे कॅमेरा २० लाख ठिपके पाठवतो आणि रेकॉर्डर त्यातील निम्मेच लिहितो. ताणा पूर्ण, बाणा अर्धा, असे कापड जसे विरळ निघते तसेच हे चित्र. समोर चालू असलेले दृश्य पडद्यावर झकास दिसते, त्यामुळे घेताना फरक कळत नाही. जुने रेकॉर्डिंग मोठे करून पाहिले की कळतो. आमचा पहिला डबा याच जातीचा होता.

दुसरी फसगत गतीची. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रे ही पूर्ण गती मानतात. काही यंत्रे पूर्ण एचडी घेतात खरी, पण मग गती निम्म्यावर आणतात. काही यंत्रांत पहिल्या एक-दोन कॅमेऱ्यांनाच पूर्ण दर्जा मिळतो. दुकानासाठी सेकंदाला १२ ते १५ चित्रे चालतात, कारण गिऱ्हाईक काही धावत नाही. गल्ल्यावर मात्र, जेथे नोटा मोजताना हात चपळाईने चालतात, पूर्ण गती असावी. म्हणून प्रश्न असा विचारावा: "सर्व कॅमेरे एकाच वेळी चालू असताना प्रत्येकाचे रेकॉर्डिंग किती ठिपक्यांचे आणि किती चित्रांचे होईल?" उत्तर तोंडी नको, माहितीपत्रकात दाखवायला सांगावे.

चेहरा किती रुंदीत ओळखता येतो?

कॅमेऱ्यांच्या २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकात यासाठी हिशेब दिलेला आहे. अनोळखी माणूस नि:संशय ओळखायचा असेल तर चित्रातील एक मीटर रुंदीला २५० ठिपके लागतात. ओळखीचा माणूस "हा तोच" असे सांगण्यास १२५ पुरतात. आपल्या फुटांत हे साधारण ७६ आणि ३८ ठिपके होतात.

यावरून सोपा भागाकार करता येतो. पूर्ण १०८० मध्ये १९२० भागिले ७६, म्हणजे सुमारे २५ फूट रुंदीपर्यंत अनोळखी चेहरा ओळखता येईल. १०८० एनमध्ये ९६० भागिले ७६, म्हणजे साडेबारा फूट. जुन्या डी-१ मध्ये सव्वानऊ फूट. तुमच्या दुकानाचे शटर १२ फुटांचे आहे आणि कॅमेरा फक्त शटर पाहतो, तर अर्ध्या ठिपक्यांचे यंत्रही कसेबसे काम देईल. पण एकच कॅमेरा ४० फुटांचे पूर्ण दालन पाहत असेल, तर पूर्ण १०८० मध्येही केवळ ओळखीचे लोक ओळखता येतील. हा हिशेब चांगल्या उजेडाचा आणि स्वच्छ भिंगाचा आहे. रात्री व धुळीत त्यातून वजावट होते.

सबब कॅमेऱ्यांची वाटणी करावी. दारावरचा आणि गल्ल्यावरचा कॅमेरा अरुंद दृश्याचा असावा. दालन दाखवणारा रुंद दृश्याचा चालेल. २.८ मिलिमीटरचे भिंग रुंद पाहते, ६ किंवा ८ मिलिमीटरचे थोडे पाहते पण जवळ आणून दाखवते. दारातून ऊन येत असेल तर आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. तेथे डब्ल्यूडीआर सोय असलेला कॅमेरा मागावा.

किती दिवस साठवायचे?

हा सर्वांत महत्त्वाचा हिशेब, आणि तो कोणत्याही व्यापाऱ्याला पाटीवर करता येतो.

रेकॉर्डिंगची आवक सेकंदाला मेगाबिटमध्ये मोजतात. आठ बिटांचा एक बाइट. एच.२६४ या जुन्या पद्धतीत पूर्ण एचडीचा एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट घेतो असे धरा. म्हणजे अर्धा मेगाबाइट. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा एका दिवसात एका कॅमेऱ्याचे सुमारे ४३ गिगाबाइट झाले. चार कॅमेऱ्यांचे १७३. एक टेराबाइट, म्हणजे १००० गिगाबाइटची डिस्क पावणेसहा दिवसांत भरते. आमचे पावणेसहा दिवस असे आले होते.

एच.२६५ ही नंतरची पद्धत साधारण तेवढेच चित्र निम्म्या जागेत बसवते. तेथे २ मेगाबिट धरले तर चार कॅमेऱ्यांना दिवसाला सुमारे ८६ गिगाबाइट लागतात. एक टेराबाइटमध्ये साडेअकरा दिवस, चार टेराबाइटमध्ये ४६ दिवस. आठ कॅमेरे असतील तर दिवस निम्मे होतात. म्हणून एच.२६५ चा रेकॉर्डर घेणे हिताचे, कारण डिस्कवरचा खर्च वाचतो.

किती दिवस हवेत ते आपल्या धंद्याने ठरते. किराणा दुकानात तक्रार त्याच दिवशी येते. आमच्यासारख्या ठोक धंद्यात माल पोहोचायला, खोलायला आणि फोन यायला दोन आठवडे सहज जातात. उधारीच्या बाजारात तर माल परत येतो तोच महिन्याने. ठोक व्यापाऱ्याने ३० दिवसांच्या खाली जाऊ नये.

"फक्त हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग" अशी सोय प्रत्येक यंत्रात असते. तिने जागा वाचते. पण पंख्याखाली टांगलेल्या साड्या दिवसभर हलत असतात, आणि लूमच्या कारखान्यात तर सारेच हलते. तेथे या सोयीचा उपयोग शून्य. दिवसा सलग आणि रात्री हालचालीवर, अशी विभागणी आम्ही केली आहे.

हार्ड डिस्क

संगणकाची साधी डिस्क दिवसाचे काही तास चालेल अशा बेताने बनलेली असते. रेकॉर्डरची डिस्क चोवीस तास लिहीतच असते. त्यासाठी वेगळ्या डिस्क मिळतात. वेस्टर्न डिजिटलची पर्पल आणि सीगेटची स्कायहॉक ही त्यांतील प्रसिद्ध नावे. जुन्या संगणकातून काढलेली डिस्क घालून कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नये. डिस्कची वॉरंटी रेकॉर्डरच्या वॉरंटीहून वेगळी असते, म्हणून बिलावर दोघांचे क्रमांक वेगवेगळे लिहून घ्यावेत. रेकॉर्डर जास्तीत जास्त किती टेराबाइट स्वीकारतो तेही विचारावे. चार कॅमेऱ्यांची गरज असेल तर आठ जागांचा रेकॉर्डर घ्यावा. धंदा वाढतो, आणि डबा बदलण्यापेक्षा रिकाम्या जागा परवडतात.

तार, वीज आणि जागा

आपल्याकडे "थ्री प्लस वन" तार वापरतात. त्यात एक कोअॅक्सियल आणि तीन बारीक तारा असतात, कॅमेऱ्याची वीज त्यांतूनच जाते. तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त मिळते. लांबवर तीत वीज कमी पडते आणि रात्री कॅमेऱ्याचे लाल दिवे लागले की चित्र बंद पडते. दिवसा चालणारा आणि रात्री बंद पडणारा कॅमेरा दिसला, तर आधी तार आणि वीजपुरवठ्याचा डबा तपासावा.

बॅटरीवर बहुतेक जण फक्त रेकॉर्डर लावतात. वीज गेली की रेकॉर्डर जागा राहतो आणि कॅमेरे आंधळे होतात. कॅमेऱ्यांचा १२ व्होल्टचा डबाही बॅटरीवरच हवा.

लूमच्या शेडमध्ये सुताचा बारीक फुफाटा उडतो. तो रेकॉर्डरच्या जाळीत बसतो, आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि डिस्क लवकर जाते. रेकॉर्डर शेडबाहेर ठेवावा आणि महिन्यातून एकदा ब्रश मारावा. गल्ल्याखाली तर मुळीच ठेवू नये, कारण चोर गल्ल्याबरोबर तोही नेतो. हवेशीर, कुलपाच्या पेटीत, नजरेआड असावा.

पासवर्ड आणि घड्याळ

२०१६ मध्ये "मिराई" नावाच्या एका घातक प्रोग्रामने जगभरातील लाखो यंत्रे ताब्यात घेतली. त्यांत दुकाने-घरांतील कॅमेरे आणि रेकॉर्डर मोठ्या संख्येने होते. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्याने अमेरिकेत अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पडली. वाट सापडली ती मालकांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवल्यामुळे. आपण गल्ल्याची किल्ली कोणाला देत नाही, पण बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड वर्षानुवर्षे चालू ठेवतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा आणि घरच्या वहीत लिहून ठेवावा.

यंत्राचे घड्याळही महिन्यातून एकदा तपासावे. चित्र खरे आणि वेळ खोटी, असे झाले की समोरच्या वकिलाला बोलायला जागा मिळते.

खरेदी करताना रेकॉर्डरवर भारतीय मानक ब्यूरोचा "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहावा. "बीआयएस केअर" या अॅपवर तो पडताळता येतो. कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेबाबतचे नवे नियम केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले आणि ते एप्रिल २०२५ पासून लागू झाले. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी याची चौकशी करावी.

पुरावा म्हणून

न्यायालयात नुसती पेन ड्राइव्ह देऊन भागत नाही. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही, हा वाद निवडणूक कार्यालयातील व्हिडिओ चित्रणावर उभा होता. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी सांगितले की मूळ यंत्र हजर केले नसेल तर प्रतीसोबत कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र येते. त्याचा एक भाग यंत्र सांभाळणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो.

म्हणून काही घडले की प्रथम त्या वेळेचे रेकॉर्डिंग त्याच दिवशी वेगळे काढावे, नाहीतर डिस्क स्वतःच ते पुसेल. मूळ डिस्कला हात लावू नये. पुढचे वकिलाला विचारून करावे.

कोठे लावू नये

कपडे घालून पाहण्याच्या खोलीत किंवा तिच्या दारात आत दिसेल असा कॅमेरा लावू नये. स्त्रीचे असे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी किमान एक वर्षाची कैद आहे. आया-बहिणी आपल्या दुकानात विश्वासाने येतात. त्यांचे चित्र आपल्याजवळ अमानत आहे. ते मोबाइलवर कोणाला पाठवू नये, नोकरांना गंमत म्हणून पाहू देऊ नये.

कारागिरांनाही कॅमेरा कोठे आहे ते आधी सांगावे. जेवणाच्या जागी लावू नये. मजुरीचा हिशेब वहीवरून करावा, पडद्यावरून माणूस किती वेळ उठला हे मोजत बसू नये.

दुकानात जाताना

चिठ्ठीवर एवढे लिहून न्यावे: कॅमेरे किती आणि पुढे किती होतील, प्रत्येक कॅमेरा किती फूट रुंदी पाहणार, रेकॉर्डिंग किती दिवस हवे, सर्व कॅमेऱ्यांवर पूर्ण १०८० आहे की एन, एच.२६५ आहे का. डिस्क कोणत्या जातीची आणि किती टेराबाइटची. बिघडल्यास दुरुस्तीला माणूस गावात आहे का. बसवल्यावर आठ दिवसांनी मागचे रेकॉर्डिंग काढून गल्ल्यावरचा चेहरा मोठा करून पाहावा. बसवणाऱ्याचे उरलेले पैसे त्यानंतर द्यावेत.

आमच्या पेढीवर आता आठ जागांचा रेकॉर्डर, चार टेराबाइटची डिस्क आणि गठ्ठे बांधण्याच्या टेबलावर एक स्वतंत्र कॅमेरा आहे. तो कॅमेरा कोठे लावावा हे त्याच पोराला विचारून ठरवले. प्रत्येक गठ्ठा बांधताना तो ताके एक-एक करून कॅमेऱ्यासमोर ठेवतो. मागच्या हंगामात एका पार्टीने पुन्हा एक ताका कमी असल्याची तक्रार केली. आम्ही त्यांना बोलावले, बाराव्या दिवसापूर्वीचे चित्र दाखवले. त्यांनी आपल्या गोदामात पुन्हा शोध घेतला आणि संध्याकाळी माल सापडल्याचा फोन आला. या वेळी आमच्याकडे कोणालाच मान खाली घालावी लागली नाही.